वाणीचे अध्यासन

हे भाषण मी बोलत असलो, तरी ते मी आधी लिहून आणले आहे. ध्वनिक्षेपकासमोर बसणाऱ्या बहुतेक वक्त्यांची हीच गोष्ट असते. मिनिटांचा हिशेब ठरलेला असतो, खाकरायचे कोठे तेही मनाशी योजून ठेवावे लागते. आणि हेच शब्द पुढे वर्तमानपत्राच्या स्तंभात छापून आले, म्हणजे कागदावरून निघालेली वाणी चार घटका वाऱ्यावर राहून पुन्हा कागदावर येऊन बसते. मग हे भाषण म्हणावयाचे की निबंध? हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. अमेरिकेतील एका मोठ्या विद्यापीठात तो सुमारे शंभर वर्षे घोळत राहिला, आणि त्याचे उत्तर कोणी न देताच लागले. ती हकीगत आज सांगावयाची आहे.

बॉस्टन शहरात अठराव्या शतकात निकोलस बॉयल्स्टन नावाचा एक धनाढ्य व्यापारी होऊन गेला. कॉप्ली ह्या प्रसिद्ध चित्रकाराने काढलेली त्याची तसबीर हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहात आहे. तीत हे गृहस्थ घट्ट इंग्रजी कोटात नाहीत. अंगात रेशमी पायघोळ झगा आणि डोक्यास मुंडाशासारखी टोपी अशा ऐषारामी वेषात ते बसले आहेत. ह्या झग्याला त्या काळी तिकडे ‘बॅनियन’ म्हणत. हा शब्द आपल्याच बाजूचा. गुजरातेतील वाण्यांवरून तो पोर्तुगीजांच्या तोंडी बसला आणि तेथून इंग्रजीत गेला. बडोद्याच्या श्रोत्यांना तो ओळखीचा वाटेल. तर वाण्याचा झगा पांघरणारा हा व्यापारी १७७१ साली वारला, आणि मृत्युपत्रात दीड हजार पौंडांची रक्कम हार्वर्ड कॉलेजास ठेवून गेला, ती वाणीसाठी. वक्तृत्वशास्त्र आणि वक्तृत्वकला शिकविणारा एक प्राध्यापक ह्या रकमेच्या व्याजातून नेमावा, अशी त्याची इच्छा होती. मराठीत वाणी आणि वाणी हे दोन्ही शब्द सारखेच, हा श्लेष माझा नव्हे. तो भाषेने आयताच करून ठेवला आहे.

पैसे आले, पण प्राध्यापक काही आला नाही. मध्यंतरी इंग्रजांशी युद्ध झाले, वसाहतींचे राष्ट्र झाले, राज्यघटना झाली. आणि बॉयल्स्टनची रक्कम कॉलेजच्या खात्यावर तशीच पडून राहिली. तीस वर्षांनी त्याच्या भाच्याने रक्कम परत मिळावी म्हणून कायद्याचा बडगा दाखविला, तेव्हा कोठे विश्वस्त जागे झाले. देणग्यांचा इतिहास सर्वत्र असाच असतो! तडजोडीत भाच्याने आपल्या नात्यातील एका गृहस्थाचे नाव सुचविले. ते होते जॉन क्विन्सी ॲडम्स. अमेरिकेच्या दुसऱ्या राष्ट्राध्यक्षांचे हे चिरंजीव. त्यांची आजी बॉयल्स्टन घराण्यातली. त्या वेळी ते मॅसॅच्युसेट्स राज्यातर्फे सेनेटचे सभासद होते. १२ जून १८०६ रोजी त्यांनी ‘बॉयल्स्टन प्राध्यापक’ म्हणून अध्यासन स्वीकारले. सेनेटची बैठक नसेल तेव्हा केंब्रिजला यावयाचे आणि व्याख्याने द्यावयाची, असा त्यांचा क्रम होता.

ॲडम्स काय शिकवीत? त्यांनी ग्रीक व रोमन आचार्यांची, म्हणजे ॲरिस्टॉटल, सिसेरो आणि क्विंटिलियन यांची परंपरा समोर ठेवली. त्या परंपरेत वक्त्याच्या कामाचे पाच भाग मानलेले आहेत. काय बोलावयाचे ते शोधणे, शोधलेल्याची मांडणी करणे, त्याला शब्द देणे, ते स्मरणात ठेवणे आणि शेवटी आवाजाने व अंगविक्षेपाने ते सभेपुढे उभे करणे. आपल्याकडे एखादा चांगला कीर्तनकार पूर्वरंगात सिद्धान्त मांडतो, उत्तररंगात आख्यान लावतो, सभेचा कल पाहून दृष्टान्त बदलतो आणि समोर कागदाचा कपटाही नसतो. त्याला ही पाच अंगे निराळी शिकवावी लागत नाहीत, पण ती त्याच्यापाशी पाचही असतात. ह्यांतील चौथे आणि पाचवे अंग, म्हणजे स्मरण व उच्चारण, ध्यानात ठेवावे. पुढे पहिली काट ह्याच दोहोंवर बसली.

प्राचीन प्रजासत्ताकांत वक्तृत्व हीच सत्ता होती, असा ॲडम्स यांच्या पहिल्याच भाषणाचा रोख होता. जेथे राजा हुकूम देतो तेथे वक्त्याचे काम काय? पण जेथे सभेचे मत वळवून निर्णय करावयाचा, तेथे बोलता न येणारा नागरिक अर्धा मुका आणि बोलण्याची पारख नसणारा नागरिक पुरता असहाय. नव्या प्रजासत्ताकाच्या विद्यापीठात हा विषय शोभेसाठी नव्हता. राज्य चालविण्याच्या शिक्षणाचा तो भाग होता.

१८०९ च्या ऑगस्टमध्ये रशियाच्या दरबारी वकील म्हणून नेमणूक झाल्यामुळे ॲडम्स निघून गेले. पुढच्या वर्षी त्यांची व्याख्याने दोन खंडांत प्रसिद्ध झाली. वाणीच्या पहिल्या आचार्याची वाणी ग्रंथरूप झाली, आणि पाठ्यपुस्तक म्हणून ती फारशी चालली नाही. लोकांना त्या काळी एडिंबराचे प्राध्यापक ह्यू ब्लेअर यांचा १७८३ सालचा ग्रंथ अधिक मानवे. ब्लेअर यांच्या अध्यासनाच्या नावातच वक्तृत्वाबरोबर ललित वाङ्मय जोडलेले होते. उत्तम बोलण्यापेक्षा उत्तम रुचीवर त्यांचा भर अधिक होता.

ॲडम्स यांच्यामागून मॅकीन नावाचे धर्मोपदेशक आले, आणि १८१९ मध्ये एडवर्ड टायरेल चॅनिंग. हे बत्तीस वर्षे त्या जागी होते. चॅनिंग मूळचे वकील, पण ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’ ह्या नियतकालिकाचे संपादकही राहिलेले. त्यांनी आरंभीच सांगून टाकले की, अथेन्सच्या चौकात जमाव हलवून सोडणारा वक्ता आता परत येणार नाही. आजचा श्रोता छापलेले वाचतो, स्वतः विचार करतो. वक्ता त्याच्याहून उंच उभा नाही, तो सभेतीलच एक आहे. हे म्हणणे खोटे नव्हते. किंबहुना फार समंजस होते. पण त्याचा परिणाम असा झाला की, वर्गातील वेळ उभे राहून बोलण्याकडून बसून लिहिण्याकडे वळला. चॅनिंग विद्यार्थ्यांचे निबंध तपासीत आणि त्यांतील फुगवटा निर्दयपणे काढून टाकीत. त्यांचे पुस्तक त्यांच्या निधनानंतर १८५६ साली निघाले. त्याच्या नावाचा अर्थ ‘वरिष्ठ विद्यार्थ्यांना वाचून दाखविलेली व्याख्याने’ असा होतो. वक्तृत्वाचा प्राध्यापक व्याख्यान वाचून दाखवितो, हे पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच कबूल केलेले आहे!

त्यांच्या विद्यार्थ्यांची नावे मात्र पाहण्यासारखी आहेत. इमर्सन त्यांच्या हाताखालून गेले, थोरोही गेले. गुलामगिरीविरुद्ध झगडलेले चार्ल्स सम्नर आणि वेंडेल फिलिप्स हे दोन नामांकित वक्ते त्याच काळात हार्वर्डमध्ये होते. इमर्सन यांचा चरितार्थ पुढे मुख्यतः गावोगावच्या व्याख्यानमंडळांतील व्याख्यानांवर चालला. त्यांचे पुष्कळसे निबंध आधी बोललेले, मागून छापलेले आहेत. थोरो यांचा सविनय कायदेभंगावरील जो निबंध महात्मा गांधींनी वाचला, तो प्रथम १८४८ मध्ये कॉन्कर्ड गावच्या व्याख्यानमंडळात बोलून दाखविलेला होता. छापला गेला तो १८४९ मध्ये. म्हणजे गुरूने लेखणी हाती दिली आणि शिष्य व्यासपीठावर गेले. तेव्हा चॅनिंग यांच्यावर वाणी बुडविल्याचा आरोप करताना हात आखडावा लागतो.

आवाज आणि हातवारे ह्यांचे काय झाले? ते अगदीच टाकून दिलेले नव्हते. त्यांच्यासाठी वेगळा, दुय्यम शिक्षक नेमला जाई. १८३० च्या सुमारास जोनाथन बार्बर नावाचे एक इंग्रज गृहस्थ हे काम करीत. त्यांनी बांबूच्या कांबट्यांचा एक पोकळ गोल तयार केला होता. विद्यार्थ्याने त्या गोलात उभे राहावे, आणि कोणत्या भावनेला हात कोणत्या कांबटीपर्यंत जावा हे मोजून शिकावे! ‘बार्बर’ ह्या शब्दाचा इंग्रजीत अर्थ न्हावी. एके दिवशी तो गोल न्हाव्याच्या दुकानाच्या खांबाला लटकलेला आढळला, अशी आठवण सांगितली जाते. विद्यार्थ्यांनी दिलेला हा अभिप्राय पुरेसा स्पष्ट होता. आपल्या शाळांच्या वक्तृत्वस्पर्धांत ‘हिमालय’ म्हणताना उजवा हात वर आणि ‘कन्याकुमारी’ म्हणताना डावा हात खाली, असे पढवून पाठविलेले मूल पाहिले की मला तो बांबूचा गोल आठवतो. वाणीच्या शिक्षणाचे शत्रू केवळ लेखणीवाले नव्हते. वाणीवाल्यांनीही ते हास्यास्पद करून ठेवले होते.

१८५१ मध्ये अध्यासनावर आले फ्रान्सिस जेम्स चाइल्ड. वय अवघे सव्वीस. बॉस्टनमधील एका शिडे शिवणाऱ्या कारागिराचा हा मुलगा. निबंध तपासण्याचा त्यांना अतिशय कंटाळा, आणि हेच काम त्यांनी पंचवीस वर्षे केले. मन रमे ते जुन्या इंग्रजी व स्कॉटिश पोवाड्यांत. १८७६ साली बाल्टिमोरच्या नव्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने त्यांना बोलाविले, तेव्हा ते जाऊ नयेत म्हणून हार्वर्डने त्यांना इंग्रजीचे प्राध्यापक केले आणि निबंधांच्या गठ्ठ्यांतून सोडविले. पुढे त्यांनी ३०५ पोवाड्यांचा जो संग्रह सिद्ध केला, तो आजही ‘चाइल्ड पोवाडे’ म्हणून क्रमांकाने ओळखला जातो. ह्यातही एक चमत्कार आहे. ही सारी गाणी लोकांच्या तोंडची, पण चाइल्ड यांनी ती जमविली मुख्यतः जुन्या हस्तलिखितांतून. तोंडी परंपरा संपत आली, आता विश्वास ठेवावा तो कागदावर, अशी त्यांची धारणा होती. वाणीच्या अध्यासनावर बसून ह्या माणसाने लोकवाणीचे सर्वांत मोठे भांडार उभारले, तेही कागदांतून कागदावर.

चाइल्ड सुटले आणि ॲडम्स शर्मन हिल बॉयल्स्टन प्राध्यापक झाले. हे पूर्वीचे वार्ताहर. न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’चे काम केलेले. त्यांच्या काळात गोष्ट पक्की झाली. त्याच दशकात हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंधाचा पेपर आला, वक्तृत्वाचे पाठ ऐच्छिक झाले, आणि १८७८ च्या हिल यांच्या पाठ्यपुस्तकात ‘वक्तृत्वशास्त्र’ ह्या जुन्या नावाखाली प्रत्यक्षात शुद्ध व नेटके लिहिण्याचे नियम आले. स्मरण गेले, उच्चारण गेले. पाचांपैकी जे उरले तेही लेखणीच्या कामापुरते.

हे का घडले? कोणी सभा भरवून वाणीला हद्दपार केले नाही. विद्यार्थी वाढले, विषय वाढले, अध्यक्ष एलियट यांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली, आणि परीक्षा लेखी झाली. शंभर मुलांना प्रत्येकी दहा मिनिटे बोलावयास लावले तर सतरा तास जातात, आणि मागे उरते काय? काही नाही. शंभर निबंध मात्र घरी नेता येतात, तांबड्या शाईने रंगविता येतात, कपाटात ठेवता येतात, आणि गुणांविषयी तक्रार आली तर पुढे टाकता येतात. लेखणीचा विजय हा बराचसा कपाटाचा विजय होता. आपल्याकडेही मुंबईचे विद्यापीठ १८५७ मध्ये लंडनच्या धर्तीवर निघाले ते परीक्षा घेणारी संस्था म्हणून. लिहिता आले की पदवी मिळे. बोलणे आपण शिकलो ते विद्यापीठाच्या बाहेर. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेत, पुढे गणेशोत्सवाच्या मांडवात, आणि इंदूर-ग्वाल्हेरपासून बेळगावापर्यंतच्या मराठी मंडळांच्या सभागृहांत.

१८९२ साली हार्वर्डच्या विश्वस्तांनी नेमलेल्या समितीचा एक अहवाल निघाला. उमेदवारांना साधे इंग्रजी लिहिता येत नाही, शाळा हे काम करीत नाहीत आणि त्याचा भार कॉलेजवर पडतो, असा त्याचा आक्रोश होता. समितीवर एक गृहस्थ होते चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्स, पहिल्या बॉयल्स्टन प्राध्यापकांचे सख्खे नातू. आजोबांनी ज्या विषयाचा पाया घातला, त्याची नातवाने तपासणी केली. पण तक्रार होती ती लिहिण्याविषयी. मुलांना सभेत उभे राहता येते की नाही, हा प्रश्नच उरलेला नव्हता.

तो प्रश्न दुसऱ्यांनी काढला, आणि दुसरीकडे. मध्य-पश्चिमेकडील विद्यापीठांत वादविवाद आणि वक्तृत्व यांचे शिक्षण तग धरून होते. मिशिगन विद्यापीठात १८९२ मध्येच त्याचा वेगळा विभाग झाला होता. पण बहुतेक ठिकाणी हे शिक्षक इंग्रजी विभागात पोटभाडेकरूसारखे राहत. १९१४ च्या नोव्हेंबरात शिकागो येथे इंग्रजीच्या शिक्षकांची परिषद चालू असता, त्यांतील सतरा जण बाजूला झाले आणि त्यांनी वक्तृत्वाच्या अध्यापकांची स्वतंत्र राष्ट्रीय संघटना स्थापन केली. विस्कॉन्सिनचे ओनील हे पहिले अध्यक्ष. दुसऱ्याच वर्षी त्यांचे त्रैमासिक निघाले. म्हणजे वाणीच्या पुनरुद्धाराचे पहिले कृत्यही छापखान्यातच झाले, ते असो.

ह्या मंडळींत मतभेद लगेच उद्भवले. कोणी म्हणे, आवाज, श्वास, श्रोत्याचे मन यांचा प्रयोगशाळेत अभ्यास करा, म्हणजे शास्त्र म्हणून मान मिळेल. कोणी म्हणे, ॲरिस्टॉटल आणि सिसेरोकडे परत चला. दोन्ही वाटा चालल्या. विस्कॉन्सिन येथे १९२२ मध्ये ह्या विषयाची पहिली डॉक्टरेट दिली गेली. कॉर्नेल विद्यापीठात १९२० पासून ड्रमंड आणि हंट यांच्या वर्गात प्राचीन ग्रंथ पुन्हा उघडले गेले. तेथलेच विनन्स यांनी १९१५ च्या आपल्या पुस्तकात सांगितले होते की, जाहीर भाषण म्हणजे मोठे केलेले संभाषण. बांबूच्या गोलावरचा मला माहीत असलेला हा सर्वांत चांगला उतारा. आणि १९२५ मध्ये विकेल्न्स यांनी एक निबंध लिहून असा भेद केला की, काव्य टिकते की नाही, सुंदर आहे की नाही, हे पाहावे. भाषणाचे तसे नाही. ते कोणत्या सभेपुढे झाले आणि त्या सभेवर त्याने काय केले, हे पाहावे. साधी गोष्ट, पण तिच्यामुळे भाषणाला निबंधाच्या मापाने मोजण्याची शंभर वर्षांची खोड मोडण्यास आरंभ झाला.

ह्या संघटनेची पुढची कथा तिच्या नावांतूनच वाचता येते. १९२३ मध्ये नावात ‘स्पीच’ हा शब्द आला. रेडिओ, दोन महायुद्धांतील प्रचार, दूरदर्शन यांमुळे विषयाचा पसारा वाढत गेला, तेव्हा १९७० मध्ये ‘स्पीच’च्या जोडीला ‘कम्युनिकेशन’ आले. आणि १९९७ मध्ये ‘स्पीच’ काढून टाकण्यात आले, ‘कम्युनिकेशन’ तेवढे राहिले. तिकडे हार्वर्डमधील बॉयल्स्टनचे अध्यासन अद्याप आहे. विसाव्या शतकात ते कवींकडे गेले. मॅक्लीश तेथे होते, होमरचे भाषांतरकार फिट्झजेरल्ड होते, आयर्लंडचे शेमस हीनी होते. कवी हा निदान मोठ्याने म्हणून पाहणारा प्राणी असल्यामुळे, बॉयल्स्टनशेटची इच्छा आडवाटेने थोडी पुरी झाली असे म्हणता येईल.

मग बोलणे विद्यापीठात शिकविता येते काय? १९ नोव्हेंबर १८६३ रोजी गेटिसबर्गच्या रणभूमीवर हार्वर्डचे माजी अध्यक्ष आणि ग्रीकचे माजी प्राध्यापक एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले. त्यांच्यामागून जे दोन-तीन मिनिटे बोलले, त्या लिंकन यांचे सारे शालेय शिक्षण मिळून एक वर्षाचेही नव्हते. ह्या उदाहरणाने प्रश्न मिटला असे पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण पहिले बॉयल्स्टन प्राध्यापकच आहेत.

ॲडम्स १८२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले, १८२८ च्या निवडणुकीत हरले, आणि १८३१ मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, प्रतिनिधिगृहाचे साधे सभासद म्हणून परत आले. १८३६ मध्ये त्या गृहाने ठराव केला की, गुलामगिरीविरुद्ध येणाऱ्या अर्जांवर चर्चा करावयाची नाही. ते न वाचता बाजूस ठेवावयाचे. लोकांचे तोंड बांधणारा हा ठराव होता. ज्या माणसाने तीस वर्षांपूर्वी शिकविले होते की प्रजासत्ताकात वाणी हीच सत्ता, त्याच्यापुढे ते वाक्य आता कसोटीला लागले. ते अर्जामागून अर्ज आणीत, नियमांच्या फटी शोधीत, आरडाओरड्यात उभे राहत. १८४१ मध्ये ‘आमिस्ताद’ जहाजावरील आफ्रिकी बंदिवानांसाठी ते सर्वोच्च न्यायालयापुढे दोन दिवसांत मिळून आठ तासांहून अधिक बोलले, आणि न्यायालयाने त्या बंदिवानांना मुक्त ठरविले. १८४२ मध्ये खुद्द त्यांच्यावरच निषेधाचा ठराव आणला गेला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या ह्या वृद्धाने सुमारे दोन आठवडे आपला बचाव स्वतः केला. शेवटी ठराव आणणारेच थकले. तोंड बांधणारा तो नियम ३ डिसेंबर १८४४ रोजी, त्यांनीच मांडलेल्या प्रस्तावाने, रद्द झाला. काय बोलावयाचे ते शोधणे, मांडणी करणे, शब्द देणे, स्मरण ठेवणे, उच्चारणे; केंब्रिजच्या वर्गातली पाचही अंगे ह्या आठ वर्षांत कामास आली.

२१ फेब्रुवारी १८४८ रोजी मेक्सिकोच्या युद्धातील सेनापतींच्या गौरवाचा विषय गृहापुढे होता. ॲडम्स यांनी मोठ्याने ‘नाही’ म्हणून मत दिले. थोड्याच वेळाने काही बोलण्यासाठी ते आपल्या जागी उठू लागले आणि कोसळले. त्यांना शेजारच्या सभापतींच्या दालनात नेण्यात आले. दोन दिवसांनी तेथेच त्यांचे निधन झाले.